पिशवीबरोबर काय काय गेलं

नांदेडला वजिराबादेत आमचं साड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर नवरा बसतो, गादीवर मी. साडी घ्यायला येणाऱ्या बायकांना समोर बाई असली की बरं वाटतं, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी मला गादीवर बसवलं. तेव्हापासून मी तिथंच आहे. पन्नाशीच्या तोंडावर माझी पाळी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गादी मला नकोशी झाली.

लग्नाचा बस्ता चाललेला असायचा. नवरीकडच्या दहा बायका समोर, मी पदर उलगडून दाखवतेय, आणि छातीतून एकाएकी जाळ वर चढायचा. मान, कान, टाळू सगळं पेटायचं. ब्लाउज पाठीला चिकटायचा. एकदा तर हनुवटीवरचा घाम टपकन मोतिया रंगाच्या रेशमी साडीवर पडला. ती बाई मागं सरकली आणि म्हणाली, "ताई, ही नको. घडीची दुसरी काढा." लगेच मला हुडहुडी भरली. पंख्याखाली मी कुडकुडत होते आणि बायका एकमेकींकडं बघत होत्या. झोप तर उडालीच होती. दिवसभर डोकं जड. ज्या साडीचा भाव मी झोपेतसुद्धा सांगितला असता, त्याच साडीचा भाव मला चिठ्ठीवर बघावा लागायचा.

शेवटी नवरा डॉक्टरकडं घेऊन गेला. गावात नाव असलेले डॉक्टर. त्यांनी मला नाव आणि वय विचारलं, आणि पुढचं सगळं नवऱ्याला विचारलं. झोपतात का? चिडतात का? घरात काही टेन्शन? मी मधल्या खुर्चीत एखाद्या गाठोड्यासारखी बसले होते. नवरा आपल्या परीनं उत्तरं देत होता आणि त्यातली निम्मी चूक होती.

मीच मध्ये बोलले. "डॉक्टर, पाळी गेल्यावर हार्मोनचं औषध देतात म्हणे. माझ्यासाठी ते चालेल का?"

डॉक्टर माझ्याकडं न बघता नवऱ्याकडं बघून हसले. "मोबाईलवर वाचून येतात सगळ्या. काय साहेब, घरात कॅन्सर पाहिजे का तुम्हाला?"

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याची थोरली बहीण, माझी नणंद, स्तनाच्या कॅन्सरनं गेली होती. तिला दवाखान्यात न्यायचं, आणायचं, उलटीचं भांडं धरायचं, सगळं त्यानंच केलं होतं. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तो शब्द नुसता फेकला, आणि तो बरोबर लागायचा तिथं लागला.

"वयाचं आहे हे," डॉक्टर म्हणाले. "सगळ्याच बायकांना होतं. भजनी मंडळात पाठवा, मन रमेल." कॅल्शियम लिहून दिलं आणि झोपेची गोळी लिहून दिली.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "ऐकलंस ना?"

"मला कुणी काही सांगितलंच नाही," मी म्हणाले. "मग ऐकणार काय?"

झोपेची गोळी काही दिवस घेतली. तिनं झोप यायची, पण जाळ काही थांबला नाही. सकाळी उठले की तोंडात माती भरल्यासारखं व्हायचं. मी ती बंद केली.

त्याच वर्षी हिवाळ्यात लातूरहून फोन आला की आक्का पडली. आक्का म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिच्या सासरची शेती निलंग्याकडं आहे. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी लातूरला घर केलं आणि मग तिथंच राहिले. ती अंगणात पाणी मारत होती, पाय सरकला आणि जागच्या जागी बसली. एवढंच. तेवढ्यानं खुब्याचं हाड मोडलं.

मी मिळेल त्या बसनं लातूर गाठलं. ऑपरेशन झालं होतं. हाडांचे डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले, "आजींची हाडं फार ठिसूळ आहेत."

"आजी?" मी म्हणाले. "पंचावन्न वर्षांची आहे ती."

त्यांनी केसपेपरवर वय बघितलं आणि आक्काला विचारलं, "पाळी कधी गेली तुमची?"

"पिशवी काढली तवाच," आक्का म्हणाली. "छत्तीसाव्या वर्षी."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरला. "हे हाड सत्तरीतल्या बाईचं आहे," ते म्हणाले. "चालायला लागल्या की एकदा बायकांच्या डॉक्टरला दाखवा."

आक्काच्या पिशवीचं ऑपरेशन मला आठवत होतं. अंगावरून फार जायचं, पांढरंही जायचं. तालुक्याच्या गावी एक नर्सिंग होम होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. आमच्याकडं तेव्हा पिशवी काढणं दाढ काढण्याइतकं साधं झालं होतं. आक्काच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांच्या पोटावर तसाच वण होता. मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, असं बायकाच बायकांना सांगायच्या.

आक्का वॉकरवर चालायला लागली तेव्हा आम्ही लातुरातल्याच एका डॉक्टरीण बाईंकडं गेलो. आक्का, मी आणि दाजी, म्हणजे आक्काचा नवरा. डॉक्टरीण बाई चाळिशीच्या असतील. दाजी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "त्यांनाच सांगू द्या."

त्यांनी आक्काला विचारलं, "अंगातून वाफा निघायच्या का?"

"निघायच्या म्हंजे," आक्का म्हणाली. "टाके काढायच्या आधीपासनंच. ऐन थंडीत गोधडी फेकून द्यायची मी. सासू मनायची, हिला बाहेरचं लागलंय. दोनदा उतारा बी काढला."

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का?"

"ते काय असतंय?"

बाईंनी समजावून सांगितलं. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या दोन गाठी असतात, बाईच्या शरीराला लागणारं हार्मोन तिथं तयार होतं. आक्कानं मान हलवली. "न्हाई न्हाई. माझी निस्ती पिशवी काढली."

"ते बी काढले होते," दाजी म्हणाले.

ते दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. आम्ही तिघी त्यांच्याकडं वळलो.

"डाक्टर मनले, पोट उघडलंयच तर सगळंच काढून टाकू. पुढं कॅन्सरची भानगड नको. मी व्हय मनलो."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. "मला कधी सांगितलं न्हाई तुमी."

"सांगून काय करायचं होतं? परत बसवता येतंय का?"

हे त्यांनी दुष्टपणानं म्हटलं नाही. बांधावरची बाभळ तोडली म्हणून सांगावं, तसं सांगितलं. हाच माणूस एकोणीस वर्षं पाहुण्यांसमोर म्हणत होता, हिचं डोकं जरा तापट आहे, मनावर घेऊ नका. ती गोधडी फेकायची तेव्हा कारण याला माहीत होतं. याची आई उतारा काढत होती तेव्हाही याला माहीत होतं. निदान काय काढलंय एवढं तरी माहीत होतं.

डॉक्टरीण बाईंनी दाजींना बाहेर बसायला सांगितलं. मग आक्काशी बोलल्या. "जे पन्नाशीला हळूहळू बंद व्हायचं, ते तुमचं छत्तीसाव्या वर्षी एका दिवसात बंद झालं. इतक्या लहान वयात असं झालं आणि दुसरं काही आड येत नसलं, तर निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायला हवं असतं. हाडांसाठी, हृदयासाठी. पिशवी काढलेली असल्यामुळं तुम्हाला एकच औषध पुरलं असतं. काढून घेतलेलं थोडं परत द्यायचं, एवढंच होतं ते."

"मग आता द्या की," मी म्हणाले.

"आता नाही. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहाएक वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायद्याचं पारडं जड असतं. यांना एकोणीस वर्षं झाली. आता नव्यानं सुरू केलं तर हृदयाचा, रक्ताच्या गाठीचा, लकव्याचा धोका जास्त आणि फायदा कमी. हाडांसाठी वेगळी औषधं आहेत, ती देऊ."

आक्का म्हणाली, "म्हंजे लागत हुतं तवा दिलं न्हाई, आन मागितलं तवा उशीर झाला."

"हो," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. वर काही सारवासारव केली नाही. त्या बाईंवर माझा विश्वास बसला तो त्या एका शब्दामुळं.

मग त्यांनी आक्काला आणखी एक विचारलं. नवऱ्याजवळ जाताना त्रास होत होता का, कोरडं पडून दुखायचं का. आक्का माझ्याकडं बघून लाजली, मग म्हणाली, "लई दुखायचं. मला वाटलं माझीच खोड हाय. ह्यांनी तर लई बोल लावले." बाईंनी त्यासाठी एक मलम लिहून दिलं. ते तिथल्या तिथं काम करतं, रक्तात फारसं जात नाही, या वयातही चालतं, असं सांगितलं. इतकं साधं मलम. इतकी वर्षं ते मेडिकलच्या फळीवर होतं आणि माझी बहीण ती स्वतःचीच खोड समजत होती.

मी तिथंच म्हणाले, "बाई, आता माझंही बघा."

त्यांनी मला जे जे विचारलं, ते नांदेडात कुणी विचारलं नव्हतं. शेवटची पाळी कधी आली? नंतर कधी रक्त दिसलं का? बीपी, शुगर, लिव्हरचा आजार? पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ? घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर?

"नणंदेला होता."

"नणंद म्हणजे नवऱ्याची बहीण. तुमच्या आईला, बहिणीला, मावशीला?"

"कुणालाच नाही."

"मग नणंदेच्या आजारानं तुमचा धोका वाढत नाही. तिचं आणि तुमचं रक्ताचं नातं नाही."

इतकं सरळ होतं ते. आमच्या घरात कित्येक महिने त्या मेलेल्या बाईचा आजार माझ्या अंगावर पांघरला होता, आणि नात्याचा हा साधा हिशोब कुणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही.

बाईंनी मग दोन्ही बाजू मांडल्या. वाफा आणि झोप यांवर याच्याइतकं चांगलं औषध दुसरं नाही, हाडंही टिकतात. पण माझी पिशवी शाबूत आहे, त्यामुळं एका हार्मोनवर भागणार नाही. दुसरं सोबत घेतलं नाही तर पिशवीचं अस्तर वाढतं आणि तिथं कॅन्सरचा धोका होतो. दोन्ही मिळून काही वर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. थोडाच, पण वाढतो. गोळीनं रक्ताच्या गाठीचा धोका असतो, कातडीला लावायच्या जेलनं तो कमी. आधी बीपी, रक्त, सोनोग्राफी, मॅमोग्राफी करायची. दरवर्षी पुन्हा बघायचं, घ्यायचं की थांबवायचं. हार्मोन नकोच असेल तर वाफांवर दुसरी औषधंही आहेत, गुण जरा कमी.

"काहीच धोका नाही म्हणणारा खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं कॅन्सर म्हणून घाबरवणाराही खोटंच बोलतो. तुम्हाला त्रास किती होतो ते मला मोजता येत नाही. ते तुम्ही ठरवा. घाई नाही."

नांदेडला आल्यावर दुपारी दुकान रिकामं असताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो साड्यांच्या घड्या घालत होता.

"मी ताईला बघितलंय," तो म्हणाला. "शेवटी ती किती उरली होती ते मला माहीत आहे. तुला त्या वाटेला जाऊ द्यायचं नाही मला."

"मी आता कुठल्या वाटेनं चाललेय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

"वाफांनी कुणी मरत नाही."

"आक्काचं हाड काय मेल्यावर मोडलं?"

त्याच्या हातातली घडी अर्धीच राहिली. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याचा मला आणखी राग आला. कारण आता मी त्याची समजूत घालावी अशी वेळ आली होती. उभं आयुष्य मी तेच केलं होतं. त्या दुपारी केलं नाही. मी म्हणाले, "तुमची भीती खरी आहे. पण ती तुमची आहे. तिचं औषध माझ्या अंगावर करू नका."

मॅमोग्राफीला मी एकटीच गेले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सोबत मिस्टर नाहीत का?" मी म्हणाले, "त्यांचं काय काढायचं आहे?" मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं विचारलं, "पाळी गेल्यावर हे कशाला पायजे, काकू?" मी म्हणाले, "तुम्ही द्या. डॉक्टर मी बघून आले."

तपासण्या ठीक आल्या. मी रोज दंडाला जेल लावायला लागले आणि झोपताना दुसऱ्या हार्मोनची कॅप्सूल घ्यायला लागले. काही आठवड्यांत जाळ उतरला. पूर्ण गेला नाही, पण पदर उलगडताना भीती वाटेनाशी झाली. झोप आली. विसरलेले भाव परत तोंडपाठ झाले. मग तिसऱ्या महिन्यात रक्ताचे डाग दिसले.

नवरा म्हणाला, "सांगितलं होतं." एवढंच म्हणाला. पण त्या दोन शब्दांत नांदेडचे डॉक्टर, नणंद, भजनी मंडळ, सगळे येऊन बसले होते. लातूरच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून घाबरले होते, ते लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टरीण बाईंनी सोनोग्राफी केली. अस्तर पातळच होतं. "सुरुवातीच्या महिन्यांत असं होतं," त्या म्हणाल्या. "पण आलात ते बरं केलं. पुन्हा झालं तरी अंगावर काढू नका, लगेच या." औषधाचं प्रमाण थोडं बदललं. परत डाग दिसले नाहीत. मी अजून ते घेते. पुढच्या वर्षी घेईन की नाही ते पुढच्या वर्षी बघेन.

डाग दाखवायला लातूरला गेले, त्याच खेपेला मी आक्काकडं राहिले. वॉकर जाऊन तिच्या हातात काठी आली होती. चहा पिताना ती म्हणाली, "मला त्या डाक्टरला बघायचंय."

आम्ही दोघीच तालुक्याच्या गावी गेलो. नर्सिंग होमच्या जागी आता चार मजले उभे होते. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. आक्कानं ऑपरेशनचं वर्ष सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. त्यांना आठवणं शक्यच नव्हतं.

"त्या काळी असंच करत होतो आम्ही," ते म्हणाले. "पुढचा धोका टळतो. तुमच्या मालकांची संमती घेतली असणार."

"पोट माझं हुतं," आक्का म्हणाली.

त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं, आता काय त्रास आहे?"

"आता काय न्हाई. काढण्यासारखं ऱ्हायलंच न्हाई."

डॉक्टरांनी बेल दाबली आणि पुढचा पेशंट आत पाठवायला सांगितलं. मला त्यांच्या टेबलावरचं सगळं खाली लोटून द्यावंसं वाटलं. मी काही केलं नाही. काठी उचलून आक्काच्या हातात दिली.

बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. आक्का सरळ दाराकडं न जाता त्यातल्या एका तरुण पोरीशेजारी जाऊन बसली. "कशाला आलीस माय?"

"पिशवीचं ऑपरेशन सांगितलंय."

"वय काय तुझं?"

"तेहतीस."

"त्यांना ईचार, औषधानं थांबतंय का बघितलं का. आन काढायचीच पडली तर अंडाशय ठेवणार का काढणार, ते ईचार. काढणार मनले तर कशापायी, ते बी ईचार. ध्यानात ठेव. अंडाशय."

पोरीचा नवरा उठून उभा राहिला. "मावशी, तुम्ही कोण?"

"मी ह्याच दवाखान्यातली जुनी पेशंट हाय," आक्का म्हणाली.

काउंटरवरच्या माणसानं येऊन आम्हाला बाहेर जायला सांगितलं. आक्का सावकाश उठली, जाता जाता त्या पोरीला पुन्हा म्हणाली, "अंडाशय." त्या पोरीनं पुढं काय केलं, मला माहीत नाही.

आक्का आता दाजींशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, गोळ्या स्वतःच्या स्वतः घेते, मलम वापरते, पण त्यांच्या खोलीत झोपत नाही. परवा दाजी नांदेडला बियाण्याच्या कामाला आले होते, ते दुकानात आले. मी चहा मागवला. ते बराच वेळ गादीच्या कडेला बसून राहिले.

"तू जरा समजव तिला," ते म्हणाले. "वीस वर्षं होत आली त्या गोष्टीला."

"तुम्हाला वीस वर्षं झाली," मी म्हणाले. "तिला आत्ता कळलंय."

नवऱ्यानं गल्ल्यावरून वर बघितलं, पण तो मध्ये पडला नाही. दाजींनी चहा संपवला. मग मागच्या फळीकडं बोट दाखवून म्हणाले, "एक चांगली साडी बांध तिला. नेतो."

"कुठला रंग?"

"कुठला बी चालतंय तिला."

"विचारलंत?"

त्यांनी रिकामा कप उचलून परत खाली ठेवला. मी साडी काढली नाही.